५०० मीटर रोइंग मशीन: वजनं उचलू की दम वाढवू?

गदाधर४४: मंडळी, सल्ला हवाय. वय ४४, वजन ८६ किलो, मुख्यतः वजनं उचलणारा माणूस. डेडलिफ्ट (जमिनीवरून बार उचलणं) १५० किलो. ऑफिसच्या जिममध्ये रोइंग मशीन आलंय आणि डिसेंबरात आमची ५०० मीटरची स्पर्धा आहे. आत्ता १:४१ लागतात, १:३५ करायचेत. दीड मिनिटाचा तर खेळ, म्हणजे ताकदच वाढवायची ना? की ते कंटाळवाणं संथ रोइंगही करावंच लागेल? आठवड्याला चार दिवस देऊ शकतो.

झणझणीत: १५० ची १८० करा, विषय संपला.

मुळाकाठ: नाही संपत हो. गदाधर, २००० मीटरला किती लागतात? डॅम्पर (चक्रात हवा किती शिरेल ते ठरवणारी १ ते १० ची खटकी) कितीवर?

गदाधर४४: ८:०८. एकदाच केलंय, नंतर जिना उतरवेना. डॅम्पर अर्थातच १० वर!

मुळाकाठ: वाटलंच. (पुण्यात इंजिनिअरिंगला असताना बोट क्लबवर होतो, तेव्हापासून हे मशीन मानगुटीवर आहे.) एक ठोकताळा सांगतो. अंतर दुप्पट झालं की स्प्लिट, म्हणजे दर ५०० मीटरला लागणारा सरासरी वेळ, साधारण ५ सेकंदांनी वाढतो. त्या हिशेबाने १:४१ वाल्याचा २००० चा स्प्लिट १:५१ च्या आसपास हवा. तुमचा पडतो २:०२. ताकद भरपूर, दम कमी. दीड मिनिट जीव तोडून ओढताना जवळपास निम्मी ऊर्जा ऑक्सिजनवरच मिळते. स्नायूंतला तयार साठा पहिल्या दहाएक सेकंदांतच ओसरतो. शेवटच्या १५० मीटरना पाय लाकडाचे होतात ना?

आणि ६ सेकंद किरकोळ समजू नका. मशीनवर वॅट वेगाच्या घनाने वाढतात: १:४१ ला ३४०, १:३५ ला ४०८. वीस टक्के जास्त!

मी असतो तर सोमवारी स्क्वॉट-डेडलिफ्ट, जड पण एका सेटमध्ये ३ ते ५ रेप्सच (वेळाच उचलायचं). मंगळवारी ४५ मिनिटं संथ, स्ट्रोक रेट (मिनिटाला किती वेळा ओढता) १८-२०, गप्पा मारता येतील इतपत. गुरुवारी २५० मीटरचे पाच तुकडे जोरात, मध्ये तीन-तीन मिनिटं विश्रांती, मग थोडे पुल-अप. शनिवारी पुन्हा संथ. डेडलिफ्टच्या दुसऱ्या दिवशी जोराचे तुकडे नकोत, कंबर धरते. स्पर्धेच्या आठवड्यात जड उचलणं बंद.

झणझणीत: संथ रोइंगने ताकद जाते म्हणतात.

मुळाकाठ: आठवड्यातून दोनदा केल्याने नाही जात. रोज अर्धवट जोरात ओढत बसलं की दोन्हीकडून नुकसान. ना धड दम, ना धड उचल.

तिरकी_रेघ: डॅम्परबद्दल कोणी बोलेना म्हणून. १० म्हणजे कायम वरच्या गियरमध्ये चढ चढणं. आकड्यावर जाऊ नका, मॉनिटरवर ड्रॅग फॅक्टर (चक्राला हवेचा प्रत्यक्ष अडथळा किती, तो आकडा) बघा. संथला १२० च्या आसपास, ५०० ला थोडा वर. चक्राभोवतीच्या जाळीत धूळ साचली की त्याच डॅम्परला ड्रॅग फॅक्टर उतरतो. ऑफिसचं मशीन कोणी पुसत असेल असं वाटत नाही. सुरुवातीला चक्र थांबलेलं असतं, तेव्हा पहिला स्ट्रोक अर्धा, दुसरा पाऊण, मग पूर्ण. यात फुकटात वेळ वाचतो. आणि दादा, चाळिशी उलटलीय, जोरात ओढण्याआधी डॉक्टरांना एकदा दाखवून घ्या.

गदाधर४४: डॉक्टरांकडे जातो. संथवाल्या दिवशी समोर क्रिकेट लावलं तर चालेल?

मुळाकाठ: लावा की. फक्त शेवटच्या षटकांत स्ट्रोक रेट २० च्या वर जाऊ देऊ नका.