स्नॉर्केलच्या आधी ब्रीदर पाहा
स्नॉर्केल (इंजिनासाठी उंचावरून हवा घेणारा पाइप) बसवला की जुनी मारुती जिप्सी कोणताही ओढा पार करते, हे मत मला अर्धेच मान्य आहे, कारण स्नॉर्केल फक्त इंजिनात जाणाऱ्या हवेची सोय करतो. अ‍ॅक्सलवरचे छोटे ब्रीदर, म्हणजे आतल्या हवेला ये-जा करू देणारी तोंडे, पाण्याखालीच राहतात. घाट चढून तापलेला डिफरन्शियल (अ‍ॅक्सलमधली, चाकांना ताकद वाटणारी गिअरची पेटी) थंड पाण्यात उतरला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून किंवा, तो मातीने तुंबलेला असल्यास, झिजलेल्या ऑइल सीलमधून पाणी आत ओढले जाते. ब्रीदरला रबरी नळी जोडून तिचे टोक बॉनेटखाली उंचावर बांधावे. खर्च किरकोळ आहे (नळी फोटोत दिसत नाही, म्हणूनच बहुधा राहून जाते). ओढ्यातून आल्यावर डिफरन्शियलचा फिलर प्लग (तेल भरायच्या छिद्राचे बूच) उघडून बोटाने तेल तपासावे आणि ते दुधाळ दिसल्यास लगेच बदलावे, अन्यथा बेअरिंग गंजू लागतात. ट्रान्सफर केसलाही (पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलला ताकद वाटणाऱ्या पेटीलाही) हेच लागू आहे.