आधी वॅन आयपी बघा, फायरवॉल नंतर

भाऊ, यावलकडच्या केळीच्या मळ्यातला कॅमेरा जळगावात घरबसल्या दिसावा म्हणून तुम्ही डीव्हीआरचा (कॅमेऱ्याचं चित्रण साठवणाऱ्या डब्याचा) पोर्ट फॉरवर्ड केला, म्हणजे बाहेरची विनंती थेट त्याच्याकडे पाठवायचा नियम राउटरमध्ये लिहिला, फायरवॉलही (नको त्या जोडण्या अडवणारी राखणही) बंद करून पाहिली, तरी बाहेरून काही लागत नाही. आधी फायरवॉल परत चालू करा. दोष बहुधा तिचा नाहीच.

मळ्यातल्या राउटरच्या स्टेटस पानावरचा वॅन आयपी, म्हणजे राउटरला बाहेरच्या बाजूने मिळालेला पत्ता, बघा. तो १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला असेल तर तुम्ही सीजीनॅटमागे, म्हणजे इंटरनेट कंपनीच्या सामायिक पत्त्यामागे, आहात. हा पट्टा २०१२ मध्ये त्यासाठीच राखून ठेवला गेला. एकच सार्वजनिक पत्ता कंपनी अनेक गिऱ्हाइकांत वाटते, त्यामुळे बाहेरची विनंती तुमच्या राउटरपर्यंत येतच नाही, मग नियम कितीही बरोबर लिहा. मळ्यात सिमकार्डाचा राउटर असेल तर बहुतेक हीच गत. वॅन आयपी १९२.१६८ ने सुरू होत असेल तर पुढे आणखी एक राउटर नॅट करतोय, म्हणजे पत्ते बदलतोय. त्याला ब्रिज मोडमध्ये टाका, म्हणजे तो पत्ते न बदलता डेटा नुसता पुढे देईल.

तपासताना मळ्यातलं वायफाय नको, मोबाईल डेटा वापरा. डीव्हीआरचा आतला आयपी राउटरमध्ये राखून ठेवा, नाहीतर लाईट जाऊन आली की पत्ता बदलू शकतो (आणि लाईट किती जाते ते सांगायला नको).

स्टॅटिक आयपी, म्हणजे न बदलणारा स्वतःचा सार्वजनिक पत्ता, जादा पैसे भरून मिळतो. पण मी तरी टेलस्केल (आपली उपकरणं खासगी जाळ्यात जोडणारं व्हीपीएन ॲप) वापरेन: सीजीनॅटमागूनही चालतं, पोर्ट उघडावाच लागत नाही. ते चालवायला मळ्यात एखादा जुना लॅपटॉप मात्र चालू ठेवावा लागेल.