तुरुंगातल्या समलिंगी-तृतीयपंथी बंद्यांची हकीकत लिहून घ्यावी का?

रानजाई:
गेली तीन वर्षं विधी स्वयंसेवक म्हणून एका कारागृहात जाते. जामिनाचे अर्ज, घरी निरोप, वकिलाचा पाठपुरावा, असं काम. मागच्या महिन्यात पुरुषांच्या बराकीत ठेवलेली एक तृतीयपंथी बंदी म्हणाली, "ताई, माझी हकीकत लिहून घ्याल? केससाठी नको. आजवर माझ्याबद्दल लिहिलंय ते फक्त पोलिसांनी." तिला लिहिता येत नाही. कार्यालयात विचारलं, तर "कैद्याला कसली आत्मकथा?" म्हणून मला परत पाठवलं.

माझ्या मते हा तिचा हक्क आहे. प्रभाकर पांडुरंग संझगिरी यांनी मुंबईच्या तुरुंगात स्थानबद्ध असताना अणूवर मराठीत पुस्तक लिहिलं होतं. हस्तलिखित छपाईसाठी पत्नीकडे पाठवायला सरकारने नकार दिला. उच्च न्यायालयात हरल्यावर सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९६५ साली तिथेही हरलं. स्थानबद्धतेच्या अटींत जी मनाई नाही, ती अधिकाऱ्याला मनाने घालता येत नाही, असा तो निकाल.

आणि ही माणसं तर कागदावरही नव्हती. तुरुंगांच्या राष्ट्रीय आकडेवारीत २०२०च्या अहवालापर्यंत तृतीयपंथींची वेगळी नोंदच नव्हती. लिहून घ्यायला आपण मदत करायला हवी. तुम्हाला काय वाटतं?

औदुंबर:
माझा विरोध आहे. माझ्या मामेभावाचा खून झाला, त्याला अकरा वर्षं झाली. मारणाऱ्याच्या मनाची घालमेल कुणी प्रेमाने लिहून काढली आणि मामीच्या हातात पडली, तर तिने काय करायचं? त्याची हकीकत ऐकायला माणसं मिळतील, मामेभावाची सांगायला तो उरलेला नाही.

संझगिरींचा दाखला इथे लागू होत नाही. त्यांच्यावर गुन्हा शाबित झालेला नव्हता आणि पुस्तक विज्ञानाचं होतं. शिवाय माणूस समलिंगी किंवा तृतीयपंथी आहे म्हणून त्याची हकीकत इतर कैद्यांच्या आधी का?

रानजाई:
मामींच्या दुःखापुढे माझ्याकडे शब्द नाहीत. पण आपल्या तुरुंगांत चारातले तीन जण कच्चे कैदी आहेत, खटला संपायचाय. ही त्यांतलीच. चोरीचा आरोप आहे, तारखा पडताहेत.

शिक्षा झालेल्यांबद्दलही न्यायालय बोललेलं आहे. तामिळनाडूत ऑटो शंकर या फाशीच्या कैद्याने तुरुंगात आत्मचरित्र लिहिलं. त्यात आपली बदनामी होईल, म्हणून अधिकाऱ्यांना ते छापू द्यायचं नव्हतं. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली सांगितलं की बदनामीच्या भीतीने आधीच छपाई रोखता येणार नाही. त्याच निकालात खासगीपणाचा हक्कही मान्य केला आहे, म्हणजे मामींसारख्यांनाही आधार आहे.

आधी का, तर इतरांना निदान भेटीला येऊन ऐकणारं घरचं कुणी असतं. हिला घरच्यांनी चौदाव्या वर्षीच बाहेर काढलं.

घाटवाट:
बावीस वर्षं तुरुंग खात्यात काढली, आता निवृत्त आहे. मी विरोधात आहे, पण कैद्याच्याच काळजीने.

बाहेर जाणारा प्रत्येक कागद कार्यालयात वाचला जातो. सकाळी वाचलेलं संध्याकाळपर्यंत सगळ्या सर्कलला, म्हणजे तुरुंगाच्या त्या विभागाला, माहीत असतं. तुमची बंदी दिसते म्हणून सगळ्यांना ठाऊक आहे. पण एखादा पोरगा मारामारीत आत आलेला असतो, समलिंगी असतो आणि त्याने ते कुणालाही कळू दिलेलं नसतं. तुम्ही लिहून घेता, कागद पकडला जातो. त्या रात्री तो झोपणार कुठे? अधीक्षक सगळ्यात सोपं ते करतो, सुरक्षिततेच्या नावाखाली त्याला एकट्याला कोठडीत टाकतो. तृतीयपंथींसाठी केंद्राने जानेवारी २०२२मध्ये सूचना काढली: वेगळी जागा द्या, पण पूर्ण एकटं पाडू नका. दुसरं वाक्य पाळायला जागाही लागते आणि माणसंही. पहिल्या वाक्यावरच काम भागवलेलं मी पाहिलंय.

तुम्ही पाचला फाटकाबाहेर पडता. तो आतच असतो.

कृष्णाकाठ:
मी समलिंगी आहे, मूळचा कराडचा, सध्या बॉस्टनजवळ. इथे २००५ साली सुरू झालेली ब्लॅक अँड पिंक नावाची संस्था अशा कैद्यांना पत्रमित्र मिळवून देते आणि त्यांनी लिहिलेला मजकूर आपल्या वार्तापत्रात छापते. घाटवाटकाका, तुमची भीती खरी आहे, पण गप्प राहिल्याने माणूस वाचतो हे मला पटत नाही. २०१५मध्ये संस्थेने १,११८ कैद्यांची उत्तरं प्रसिद्ध केली. त्यांतले ८५ टक्के शिक्षेच्या काळात कधी ना कधी एकांतकोठडीत राहिलेले होते. ती माणसं काही हकीकत छापून आली म्हणून तिथे गेली नव्हती.

मी चार वर्षं एकाला पत्रं लिहिली. पाकीट उघडलं जाणार हे धरूनच दोघं लिहायचो. काय लिहायचं नाही, ते तो ठरवायचा.

घाटवाट:
तो ठरवायचा, कारण तो स्वतः लिहू शकत होता. इथे लेखणी ताईंच्या हातात आहे. आणि कैद्याशी चार वर्षं संबंध टिकवणारा बाहेरचा माणूस मला बावीस वर्षांत दोनदा दिसला.

औदुंबर:
कच्च्या कैद्यांपुरतं मी माझं म्हणणं मागे घेतो. खुनाच्या बाबतीत नाही.

रानजाई:
काका, लेखणी माझ्या हातात आहे हे मनाला लागलं. यावर एक वाट सुचते. जुलै २०२४मध्ये गृहमंत्रालयाने राज्यांना कळवलंय की अशा बंद्यांनाही आपल्या पसंतीच्या माणसाला मुलाकतीत भेटता आलं पाहिजे, भेदभाव नको. तिने तिच्या गुरूचं, म्हणजे तृतीयपंथी समाजात तिला सांभाळणाऱ्या वडीलधाऱ्या व्यक्तीचं, नाव दिलंय. तिने गुरूला तोंडी सांगायचं, गुरूने लक्षात ठेवायचं. कार्यालयातून कागद जाणारच नाही. लिहायचं की नाही ते जामीन झाल्यावर तिचं ती ठरवेल.

घाटवाट:
मुलाकत वीस मिनिटांची असते. मध्ये जाळी, शेजारी आणखी दहा जण ओरडून बोलत असतात. गुरूला थोडं आधी यायला सांगा, कडेची जागा मिळाली तर ऐकू येतं.

रानजाई:
सांगते. मंगळवारी जाणार आहे. कागद हवा की गुरू, हे आधी तिलाच विचारते.