वारीत कॅमेरा कसा सांभाळायचा? आळंदी ते पंढरपूर पूर्ण चालणारेय, सल्ला हवाय

उनपाऊस:
मंडळी नमस्कार. यंदा पहिल्यांदाच पूर्ण वारी चालायचं ठरवलंय, माउलींच्या पालखीबरोबर. आईच्या माहेरच्या गावची दिंडी आहे, रथामागची, तिच्यात नाव दिलंय. आधी चालणं मग फोटो हे नक्की, पण कॅमेरा घरी ठेवून निघायला मन धजत नाहीये. सामान असं: निकॉन डी७५० आणि तीन लेन्स, २४-१२०, लांबचं टिपणारी ७०-२०० एफ २.८ आणि झूम नसलेली ३५ ची छोटी प्राइम. सगळं पगारातून बाजूला काढून काढून सहा वर्षांत जमवलेलं.

गेल्या वर्षी एकच दिवस गेलो होतो, पुण्यातून दिवे घाटापर्यंत. हडपसरच्या पुढे गर्दीत बॅगेच्या बाजूच्या कप्प्यातून ८५ एमएमची लेन्स गेली. कधी गेली कळलंच नाही, घाट चढून वर आल्यावर हात घातला तर कप्पा रिकामा आणि चेन उघडी. खाली वळणावळणाने पताका चढत येतायत, ज्यासाठी गेलो होतो तेच समोर, आणि मला एक फोटो काढावासा वाटेना. विमा होता पण पोलीस चौकीत मिळालेल्या कागदावर वस्तू 'गहाळ' असं लिहिलेलं, त्यावर क्लेम नामंजूर झाला.

तर विचारायचंय हे की सामान दिंडीच्या ट्रकमध्ये टाकू का अंगावरच ठेवू, रात्री तंबूत काय करता, अंघोळीला गेल्यावर कॅमेरा कुणाकडे देता, चार्जिंगचं काय. आणि एक विनंती, वारकऱ्यांना चोर म्हणून कुणी लिहू नका. एवढ्या गर्दीत हात मारणारे वेगळे असतात आणि त्यांच्याकडून सगळ्यात जास्त नुकसान वारकऱ्यांचंच होतं, म्हाताऱ्या बायकांच्या गळ्यातली पोत जाते.

तिसरी_वारी:
दादा, मी तीन वेळा पूर्ण चाललेय कॅमेऱ्यासकट, काही गेलं नाही अजून, तर जे करते ते सांगते.

कॅमेरा ट्रकमध्ये अजिबात नाही. ट्रकमध्ये वळकटी, कपडे, बॅगा एकावर एक फेकल्या जातात, मुक्कामावर पोचल्यावर पन्नास जण एकदम स्वतःची बॅग शोधत असतात आणि चुकून दुसऱ्याचीही उचलतात, त्यात चोरीचा हेतू नसला तरी लेन्स फुटायची ती फुटतेच. चार्जर, जादाचे कपडे, एवढंच ट्रकमध्ये, त्यालाही छोटं कुलूप.

खरी अवघड वेळ म्हणजे पहाटेची अंघोळ. तीन-साडेतीनला टँकरपाशी रांग, अंधार, सगळ्यांचे कपडे तिथेच कडेला ठेवलेले. पहिल्या वर्षी मी पिशवी टॉवेलखाली ठेवून अंघोळ उरकली आणि सगळा वेळ मान मागे वळवूनच. आता जोडी करते. दिंडीतली एक मावशी आधी जाते, मी तिचं गाठोडं सांभाळते, ती आली की मी जाते. जोडी पहिल्याच दिवशी ठरवून टाक, रोज नवीन माणूस शोधत बसू नकोस. मावशीला कॅमेऱ्यातलं काही कळत नाही, पण मी आळंदीतच तिचा फोटो काढून तिला मागच्या स्क्रीनवर दाखवला होता, तेव्हापासून पिशवी दिली की दोन्ही हातांनी पोटाशी धरून बसते.

झोपताना बॅग उशाला घेणं पुरत नाही, एवढी चाल झाल्यावर झोप इतकी गाढ लागते की डोक्याखालून काढली तरी कळणार नाही. मी बॅगेचा बंद हातातून घालून दंडापर्यंत सरकवते आणि बॅग पांघरुणाच्या आत घेते, आणि तंबूच्या कडेला नाही झोपत. कनात खालून उचलून हात आत येतो, तेव्हा मधली जागा धर.

चार्जिंग: ही जागा सगळ्यात वाईट. मुक्कामाच्या गावात एका बोर्डाला वीस फोन लटकलेले असतात आणि कुणाचं कुणावर लक्ष नसतं. बॅटऱ्याच जास्त ने.

गॅफरटेप:
बॅटरीबद्दल सहमत. डी७५० ला कंपनीच्या मोजणीने एका बॅटरीत १२३० फोटो येतात, मागच्या स्क्रीनवर सारखं बघत बसला नाहीस तर चार बॅटऱ्यांमध्ये बराच मोठा पल्ला निघेल. शिवाय यूएसबीवर चालणारा चार्जर मिळतो, तो पॉवर बँकेला लावून पिशवीतच ठेव, चालता चालता चार्ज होतं आणि बोर्डापाशी जायची गरजच उरत नाही.

आता माझं स्पष्ट मत, तू सामान फार नेतोयस. सत्तर-दोनशे एकटी दीड किलोची, आणि ती जवळ असली की तू लेन्स बदलणार, आणि माझ्या अनुभवात सामान जातं ते नेमकं तेव्हाच. बॅग खाली ठेवलेली, दोन्ही हात गुंतलेले, तोंडात लेन्सचं झाकण, नजर सेन्सरवर धूळ बसतेय का इकडे. मी एका जत्रेत असाच फ्लॅश घालवला, बॅग माझ्या दोन पायांमध्ये होती तरी गेला. त्यामुळे चालताना बॉडीवर २४-१२० लावायची आणि ती काढायचीच नाही. ३५ ठेव सोबत, हलकी आहे, ती रात्री कीर्तनाला तंबूत बसून लाव.

कंपनीचं नाव लिहिलेला पिवळा-काळा पट्टा काढून टाक, साधा काळा पट्टा लाव आणि गळ्यात नाही तर आडवा घाल, खांद्यावरून कमरेकडे. बॉडीवरच्या नावावर काळी टेप. टेप लावल्याने चोर फसतो असं नाही, पण लांबून 'महागातलं काहीतरी' म्हणून डोळ्यात भरत नाही. बॅगही कॅमेऱ्याची नको, आत फोमचा कप्पा घातलेली साधी शबनम घे, वारीत प्रत्येकाच्या खांद्याला तसलीच पिशवी असते. पाठीवरची सॅक घ्यायचीच असेल तर जिची चेन पाठीच्या बाजूने उघडते ती घे. नाहीतर दोन्ही चेनच्या टोकांना एक कडी अडकव, कडी नसली तर मोठी सेफ्टी पिन. उघडायला पाच सेकंद जास्त लागले की बहुतेक वेळा तो हात दुसरीकडे वळतो.

उनपाऊस:
पण रिंगण? तिथे १२० मध्ये काय येणार. घोडे लांबून येतात. रिंगणासाठीच तर ७०-२०० घेतली होती.

माळशिरसवाला:
रिंगणाबद्दल मी सांगतो, दरवर्षी बघतोय लहानपणापासून. पहिलं उभं रिंगण तरडगावच्या अलीकडे चांदोबाच्या लिंबाला, ते सातारा जिल्ह्यात. गोल रिंगणं सगळी आमच्या भागात, पुरंदावडे, खुडूस, पुढे ठाकूरबुवांची समाधी, बाजीरावाची विहीर. म्हणजे नातेपुते सोडल्याशिवाय गोल रिंगण नाही. इकडे कुणी ओळखीचं असेल तर लेन्स त्यांच्याकडे आधी पोचवून ठेव, दोन-तीन दिवस वापर आणि परत दे, आळंदीपासून पाठीवर कशाला वाहतोस.

आणि रिंगणात चोरी कधी होते ते लक्षात ठेव. अश्व धावत असतात तेव्हा सगळे जागच्या जागी दाटीने उभे असतात, तेव्हा त्यातल्या त्यात बरं. अश्व गेले रे गेले की त्यांच्या टापांखालची माती कपाळाला लावायला सगळं मैदान एकदम आत धावतं. त्या दोन मिनिटांत कुणाचं खिशाकडे, पिशवीकडे लक्ष नसतं, आणि फोटोवालेही तेव्हाच खाली बसून शूट करायला धावतात, पिशवी पाठीवर उघडीच. तेव्हा घोडे येण्याआधीच पिशवी बंद करून पोटावर घे. माती लाव तूही, पण पिशवी पुढे घेऊन.

अजून एक, बाहेरच्या लोकांना हे माहीत नसतं. काही गेलं तर त्याच संध्याकाळी पालखीतळावर समाजआरतीला जा. चोपदार दंड वर करतात तेव्हा हजारो टाळ एका क्षणात थांबतात, आणि त्या शांततेत हरवल्या-सापडल्याच्या वस्तू पुकारल्या जातात. माझ्या चुलत्यांचं पाकीट सापडलंय तसं, पैशांसकट, दुसऱ्या दिंडीतल्या माणसाने आणून दिलेलं. त्यामुळे पिशवीत, लेन्सच्या पाऊचमध्ये, बॅटरीच्या डबीतसुद्धा चिठ्ठी ठेव, तुझं नाव, दिंडीचा नंबर, रथामागे का पुढे, विणेकऱ्यांचा किंवा दिंडीप्रमुखांचा फोन. रथापुढच्या २७ दिंड्यांना नंबर आहेत आणि रथामागच्या दिंड्यांचे नंबर वेगळे, म्हणून मागे-पुढे लिहायलाच हवं, नाहीतर सापडलेली वस्तू भलत्याच दिंडीत जायची.

कोर्टाची_पायरी:
सोलापुरात वकिली करते, विम्याच्या क्लेमचं वाचून लिहिल्याशिवाय राहवलं नाही. 'गहाळ'चा दाखला आणि चोरीचा एफआयआर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गहाळ म्हणजे तुमच्याकडून हरवलं, त्यात गुन्हाच नाही. चौकीत गर्दीच्या दिवशी पटकन तोच कागद हातात पडतो. तुम्ही लेखी तक्रारीत 'चोरी' हा शब्द लिहायचा, चेन उघडी सापडली हे लिहायचं, आणि बंद कधी पाहिली होती ती वेळ आणि जागा लिहायची. पालखी रोज हद्द बदलते, चोरी एका ठाण्याच्या हद्दीत आणि लक्षात येतं दुसऱ्या, म्हणून लोक मागे फिरायच्या भानगडीत पडत नाहीत. गरज नाही मागे फिरायची. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १७३ खाली कुठल्याही ठाण्यात माहिती देता येते, हद्द कुणाचीही असो, यालाच झिरो एफआयआर म्हणतात. ऑनलाइन कळवलं तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय ठाण्यातून उठू नका.

निघण्याआधी बॉडी आणि प्रत्येक लेन्सचा सीरियल नंबर फोटो काढून ठेवा, बिलांचेही, आणि ते स्वतःच्या मेलवर टाका, कारण फोनही गेला तर? बिल हरवलं असेल तर मूळ खोका शोधा, त्यावर नंबर असतो. चोराकडून माल सापडला तरी तो मुद्देमाल म्हणून जमा होतो आणि परत मिळवायला कोर्टात अर्ज करावा लागतो, तिथे 'हा माझाच' हे नंबरवरूनच सिद्ध होतं. एकाच मॉडेलचे चार कॅमेरे टेबलावर असतात आणि चार जण चारही आपलेच म्हणत असतात, असं मी पाहिलंय.

विम्याच्या कागदात दोन ओळी शोधा: वस्तू लक्ष न ठेवता सोडली असेल तर काय, आणि तुम्ही फोटोचे पैसे घेता का. घराच्या विम्यात जोडलेलं कॅमेऱ्याचं संरक्षण बऱ्याचदा धंद्याच्या वापराला लागू होत नाही. लग्नाच्या ऑर्डरी घेत असाल तर आधीच सांगून वेगळी पॉलिसी घ्या.

उनपाऊस:
ताई खूप आभार, हे गेल्या वर्षी कुणी सांगितलं असतं तर. फोनसारखं कॅमेरा ब्लॉक करता येत नाही ना? आणि ते ट्रॅकर टॅग कामाचे आहेत का?

गॅफरटेप:
नाही करता येत. फोनला आयएमईआय म्हणजे स्वतःचा ओळख नंबर असतो म्हणून संचार साथी या सरकारी पोर्टलवर कळवून तो बंद पाडता येतो, कॅमेऱ्याला असलं काही नाही, म्हणूनच सीरियल नंबर जपायचा. बऱ्याच बॉडी प्रत्येक फोटोच्या माहितीत नंबर लिहून ठेवतात, खोका नसेल तर जुन्या फोटोतून बघ.

टॅग घे. पण त्याला स्वतःचं जीपीएस नसतं, आजूबाजूच्या फोनांच्या जोरावर जागा कळते, वारीत फोन भरपूर पण नेटवर्क मुक्कामावर पार बसलेलं असतं, त्यामुळे जागा उशिरा दिसेल. तुझ्याकडे आयफोन नसेल तर अँड्रॉइडवर चालणारा बघून घे. कप्प्यात सुटा टाकू नकोस, पहिला तोच फेकून देतील, फोमच्या अस्तरात शिवून टाक. आणि टॅग अनोळखी माणसासोबत फिरायला लागला की त्याच्या फोनवर सूचना जाते, म्हणजे त्याला कळू शकतं. जागा दिसली तर एकटा धावत जाऊ नकोस, पोलिसांना दाखव.

आणि कार्डं! हे राहिलंच. तुझ्या बॉडीत दोन स्लॉट आहेत, दुसरा 'बॅकअप'वर ठेव, म्हणजे प्रत्येक फोटो दोन्ही कार्डांवर जातो, 'ओव्हरफ्लो'वर नाही. रोज रात्री एक कार्ड काढून कपड्याच्या आतल्या कमरेच्या पाकिटात, दुसरं कॅमेऱ्यात. कॅमेरा परत घेता येईल रे, नीरेच्या पात्रात पादुकांना स्नान घालतानाचा तो फोटो पुन्हा नाही मिळणार. क्लाउडवर चढवायच्या भरवशावर राहू नकोस, नेट नसतं, छोटा कार्ड रीडर ने आणि निवडक फोनमध्ये उतरवून घे.

उनपाऊस:
ठरलं मग. डी७५०, २४-१२०, ३५, चार बॅटऱ्या, शबनम. ७०-२०० मामाकडे नातेपुत्याला आधीच पोचवतो, तो पुरंदावड्याच्या रिंगणाला घेऊन येईल आणि बाजीरावाच्या विहिरीनंतर परत नेईल. चिठ्ठ्या आज रात्रीच लिहितो. अंघोळीच्या जोडीला आईच्या गावचे एक आजोबा आहेत, सतरावी वारी त्यांची, आजच फोनवर विचारलं, म्हणाले ये की माउली, माझी पडशी तू धर. एकच राहिलं, पाऊस. शबनममध्ये पाणी जाईल ना?

तिसरी_वारी:
जातंच. आत जाड प्लॅस्टिकची पिशवी घाल, तोंड रबरबँडने बंद, आणि वारीत सगळे पांघरतात तसला मेणकापडाचा मोठा कागद घे, पिशवी आत घेऊन वरून तो पांघरायचा, कॅमेरा आहे हे दिसतही नाही. कागद आळंदीतच घे, पुढे पाऊस सुरू झाला की मिळत नाही. आणि आजोबांचा फोटो पहिल्याच दिवशी काढ.