थिबा पॅलेसचा फोटो आणि म्यानमारचं प्रतिसरकार

दादा: [फोटो] रत्नागिरीत थिबा पॅलेस बघून झाला. १८८५ ला इंग्रजांनी म्यानमारमधलं मंडाले घेतलं आणि तिथल्या थिबा राजाला उचलून इकडे आणलं. १९१६ ला इथंच गेला. टेकडीवरून खाडी दिसते, पोरं खूश आहेत.

आत्या: टिळकांना तिकडे मंडालेला ठेवलं आणि त्यांच्या राजाला आपल्याकडे. आता काय चाललंय रे तिथं? बातम्यांत काहीच येत नाही.

ताई: आत्या, बरं विचारलंस. म्यानमारमध्ये नोव्हेंबर २०२० च्या निवडणुकीत आँग सान सू चींच्या पक्षाला ४७६ पैकी ३९६ जागा मिळाल्या. १ फेब्रुवारी २०२१ ला नवी संसद भरायची होती, त्याच पहाटे लष्करानं राष्ट्राध्यक्ष विन मिंट यांच्यासकट बऱ्याच नेत्यांना पकडलं. जे निसटले त्यांनी १६ एप्रिलला राष्ट्रीय एकता सरकार जाहीर केलं. काही मंत्री परदेशात आहेत, काही देशातच रानात. सू ची आणि विन मिंट पकडले गेले, म्हणून काळजीवाहू अध्यक्ष दुवा लाशी ला. ते काचिन जमातीचे आहेत, पंतप्रधान मान विन खाइंग थान कारेन जमातीचे. तिथं बहुसंख्य बामार, त्यामुळे ही गोष्ट साधी नाही.

नाना काका: ताई, बाहेर बसून सरकार चालत नसतं. १९९० लाही सू चींच्या पक्षानं हेच केलं होतं. ३९२ जागा जिंकल्या, लष्करानं सत्ता दिली नाही, मग थायलंडच्या सीमेवर सरकार काढलं. २२ वर्षं पत्रकं काढली आणि गुंडाळलं.

ताई: काका, ते खरं आहे. पण या खेपेला वेगळं काय ते सांगते. संपावर गेले म्हणून एक लाखावर शिक्षक निलंबित झाले. त्यातले कितीतरी आज सगाइंग, मागवे या प्रांतांतल्या खेड्यांत याच सरकारच्या शाळांत शिकवतात. विमान आलं की मुलांना खंदकात उतरवायचं, गेलं की परत फळा. न्यायदान चालतं, दवाखाने चालतात. २०२१ ला त्यांनी रोखे काढले, १०० डॉलरपासून, व्याज शून्य. पैसे परत मिळतील याची खात्री नाही, तरी लोकांनी घेतले. तुम्हीच आबांच्या गोष्टी सांगता ना? बेचाळीसच्या चळवळीतलं कुंडलचं प्रतिसरकार हे याहून वेगळं होतं का?

नाना काका: आबा प्रतिसरकारच्या तुफान सेनेला भाकरी पोचवायचे. न्यायमंडळ देवळात बसायचं. फिर्याद कचेरीत गेली तर वर्षं जायची, तिथं दोन बैठकांत निकाल. हे बरोबर आहे तुझं. पण आमच्यावर विमानं नव्हती येत.

आत्या: आणि खबऱ्यांना पत्री मारायचे, म्हणजे तळपायावर झोडायचे, त्याबद्दल आबा कधी बोलायचे नाहीत. विचारलं की उठून गोठ्यात जायचे.

ताई: हो आत्या, तिथंही ते आहे. खबऱ्या म्हणून संशय आला आणि मारून टाकलं, असं या सरकारच्या बाजूच्या पोरांकडूनही झालंय. सरकारनं आचारसंहिता काढली, पण गावोगावच्या तुकड्यांवर ताबा ठेवणं अवघड. मला त्याचा राग येतो, कारण त्यांच्याकडून माझी अपेक्षा जास्त आहे.

वहिनी: रोहिंग्यांचं काय? २०१७ ला सात लाख लोक बांगलादेशात पळाले तेव्हा सू चीच सत्तेत होत्या. हेगच्या आंतरराष्ट्रीय कोर्टात लष्कराची बाजू त्यांनीच मांडली.

ताई: वहिनी, तो डाग आहेच. पण जून २०२१ मध्ये या सरकारनं रोहिंग्यांना नागरिक न मानणारा १९८२ चा नागरिकत्व कायदा रद्द करू असं लिहून दिलं, पुढे एक रोहिंग्या उपमंत्रीही घेतला. स्वतःवर रणगाडे आले तेव्हा बऱ्याच बामार लोकांना कळलं की सीमेवरचे लोक इतकी वर्षं काय सांगत होते. माझ्या मते सगळ्यात मोठा बदल हा.

दादा: आपलं सरकार मात्र लष्कराशीच बोलतं.

नाना काका: बोलावंच लागतं. १६०० किलोमीटरची सीमा आहे. सित्तवेचं बंदर आपण बांधलं, तिथून मिझोरामकडे जायचा कलादान मार्ग अडकलाय.

ताई: काका, त्याच मार्गावरचं पलेटवा जानेवारी २०२४ पासून लष्कराच्या हातात नाही, आराकान आर्मी या बंडखोर सेनेकडे आहे. मग नुसतं राजधानीशी बोलून रस्ता कसा होणार? मिझोरामकडे बघा. केंद्र नको म्हणत असताना त्यांनी तिकडून पळून आलेल्या चिन लोकांना हजारोंनी ठेवून घेतलं. आपलेच भाऊबंद म्हणून चर्चमधून तांदूळ गोळा केला.

आत्या: बायका आहेत का गं या सगळ्यात?

ताई: आत्या, परराष्ट्रमंत्री झिन मार आँग बाईच आहेत. आधी ११ वर्षं तुरुंगात काढलीत. आणि मार्च २०२१ ला यांगूनमध्ये बायकांनी काय केलं माहितीये? नेसूचे थमेन, म्हणजे त्यांची लुंगी, रस्त्यावर दोरीला टांगले. खालून गेलं तर पुरुषाचं तेज जातं असा तिथं समज. शिपाई थांबून दोऱ्या सोडवत बसायचे, तेवढ्यात पोरं पळून जायची.

आत्या: 🙏 धुणं वाळत घालताना आठवेल आता.

छोटी: ताई, माझ्या नागरिकशास्त्राच्या प्रकल्पात हेच घेते. 'परागंदा सरकार' लिहू की 'प्रतिसरकार'?

ताई: या सरकारच्या वॉशिंग्टनमधल्या कार्यालयाबद्दल लिहिशील तिथं पहिलं. खंदकाशेजारच्या शाळेबद्दल लिहिशील तिथं दुसरं.

नाना काका: आणि रविवारी इकडे ये छोटे. आबांची वही ट्रंकेत आहे, न्यायमंडळाच्या दोन तारखा त्यात आहेत. उतरवून घे.