वायफायची 'जोडणी' नेमकी कशाला म्हणायची?

लिनक्स डेस्कटॉपवरच्या वायफाय सेटिंग्जचं मराठीकरण करतोय. 'कनेक्शन'ला सगळीकडे 'जोडणी' लिहीत गेलो आणि एका वाक्यापाशी अडकलो : 'जोडणी नसतानाही जोडणीत बदल करता येतील.' वाचून मलाच हसू आलं. दुसरा शब्द आहे का?

—

शब्द बरोबर आहे, तुम्ही तो दोन गोष्टींना वापरलाय. नेटवर्कमॅनेजरमध्ये (लिनक्सवर नेटवर्क सांभाळणारा प्रोग्राम) 'डिव्हाइस' म्हणजे वायफाय कार्ड आणि 'कनेक्शन' म्हणजे साठवून ठेवलेली नोंद : नेटवर्कचं नाव, पासवर्ड, आयपी पत्ता कसा मिळवायचा, वगैरे. कार्ड एक, नोंदी वीस, त्यातली एका वेळी एकच चालू. वीजजोडणी आठवा. वीज गेली म्हणून जोडणी जात नाही, ती आपल्या नावावर असतेच. तेव्हा नोंदीला खुशाल 'जोडणी' म्हणा. प्रत्यक्ष संपर्कासाठी नाम कशाला हवं? 'जोडलेलं आहे', 'जोडलेलं नाही' पुरतं.

—

वरच्या मुद्द्याला पुरवणी. म्हणूनच 'डिसकनेक्ट'ला 'जोडणी तोडा' नको. वीजजोडणी तोडली की परत अर्ज करावा लागतो! शिवाय एनएमसीएलआयमध्ये, म्हणजे नेटवर्कमॅनेजरला टाइप करून आज्ञा देण्याच्या साधनात, दोन निराळ्या आज्ञा आहेत. 'कनेक्शन डाउन' दिलं की ती जोडणी थांबते, पण कार्ड दुसरी एखादी जोडणी आपणहून धरू शकतं. 'डिव्हाइस डिसकनेक्ट' दिलं की तुम्ही सांगेपर्यंत कार्ड आपणहून काहीच धरत नाही. मी पहिलीला 'जोडणी थांबवा' आणि दुसरीला 'कार्ड मोकळं ठेवा' म्हणेन.

'फरगेट'चं 'नेटवर्क विसरा' तर मला अजिबात पटत नाही. विसरायचं कुणी, मी की यंत्राने? 'नोंद काढून टाका' सरळ आहे.

—

आरएफकिल हे वायफाय, ब्लूटूथ वगैरे बंद-चालू करायचं साधन. त्यातल्या 'सॉफ्ट ब्लॉक'ला एका ठिकाणी 'मऊ अडथळा' केलेलं पाहिलंय. इथलं 'सॉफ्ट' सॉफ्टवेअरमधलं आहे हो. तो अडथळा आज्ञेने निघतो. 'हार्ड' बहुधा यंत्रावरच्या खटक्याचा असतो, तिथे आज्ञा देऊन उपयोग नाही. 'आज्ञेने बंद' आणि 'खटक्याने बंद' म्हटलं तर वाचणाऱ्याला उपायही कळतो.

—

जरा विषयांतर : डब्ल्यूपीए सप्लिकंट (वायफायला ओळख पटवून देणारा प्रोग्राम) यातला 'सप्लिकंट' मूळ लॅटिनमधून आलाय, अर्थ गुडघे टेकून विनवणारा. ८०२.१एक्स या नेटवर्क-प्रवेशाच्या मानकात आत येऊ द्या म्हणणारं यंत्र ते सप्लिकंट, आणि दारावर अडवणारा ऑथेंटिकेटर. 'याचक' फारच दीनवाणा वाटतो, मी 'अर्जदार' घेईन. प्रोग्रामचं नाव मात्र आहे तसंच ठेवा, नाहीतर शोधणाऱ्याला सापडायचं नाही.

—

आभार. 'अर्जदार' तर वीजजोडणीशीही जुळला. माझं वाक्य आता असं : 'ही जोडणी सध्या चालू नाही, तरी तिच्यात बदल करता येतील.' आता 'हॉटस्पॉट'कडे वळतो, त्याला कुणी 'उष्णबिंदू' सुचवू नका म्हणजे झालं.