25 ते 31 डिसेंबर: मधले दिवस

नाताळ म्हटलं की सगळे 24 च्या रात्रीबद्दल बोलतात. गाणी, करंज्या, नवे कपडे. मला विचारायचंय ते पुढच्या आठवड्याचं. चांदणी दारावर तशीच असते, फराळाच्या डब्यात चुरा उरतो, पाव्हणे परतलेले असतात. त्या दिवसांत तुम्ही काय मागता, कसं मागता? सातारा-सांगलीकडच्यांनी लिहा. कमी लिहा, पण खरं लिहा.

सुरुवात मीच करतो. आईची प्रार्थनेची वही म्हणजे बियाणांच्या दुकानातून फुकट मिळालेली डायरी. 26 ला दुपारी भांडी आवरून ती नवी डायरी भरायला बसायची. डावीकडं मागणी लिहायची, उजवीकडं जागा कोरी ठेवायची. उत्तर मिळालं की तिथं तारीख. 'मधल्याला पक्की नोकरी' ही ओळ सहा वर्षं एका डायरीतून दुसरीत उतरत राहिली. सातव्या वर्षी दिसेना. विचारलं तर म्हणाली, "त्याच्यासाठी आता झोप मागते. रात्री दोन-दोनला उठून बसतोय." मधला म्हणजे मी.

मिरज, निवृत्त परिचारिका

डॉ. वॉनलेस यांनी 1894 साली मिरजेत दवाखाना उभारला, तेव्हापासून या गावात नाताळ आणि नाइट ड्यूटी यांची सोयरीकच आहे म्हणा. आम्ही ड्यूटी बदलताना हळू आवाजात वॉर्डातून गात जायचो. 27 ला मात्र गाणी संपलेली आणि पेशंट तेच. जतकडच्या एका आजींनी सलाईन लावताना माझा हात धरला. "बाई, तुमच्या देवाला आमचं पण सांगा की." काय सांगू विचारलं, तर म्हणाल्या, "घरी म्हस एकटी हाय." त्या रात्री मी म्हशीसाठी प्रार्थना केली. हसू आलं नाही.

कोरेगाव तालुका

आमच्याकडं टाळ-ढोलकीवरच गातात. ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळक अखेरच्या वर्षांत साताऱ्यात होते, 'देवाचा दरबार' ही भक्तमंडळी त्यांनी 1917 मध्ये सुरू केली. अभंगाची गोडी तिथूनच आमच्यात मुरली असं जुनी माणसं सांगतात. एका 28 ला तरुण संघ ऊसतोड टोळीच्या कोप्यांवर गेला. बीडकडची माणसं, चार गाणी झाल्यावर त्यांच्यातल्या दोघींनी टाळ हातात घेतले आणि आमच्यापेक्षा बरे वाजवले. एका कोपीत बाळंतीण होती, पोर तापानं फणफणलेलं. आमच्यातल्या एकानं लगेच बेथलेहेमच्या गोठ्याचा विषय काढला. बाळाची आजी म्हणाली, "ते ऱ्हाऊ द्या दादा. ताप उतरू दे म्हना." एवढंच म्हटलं. मग मुकादमाला उठवलं आणि त्याच्या गाडीतून पोराला दवाखान्यात नेलं. आमची प्रार्थना बहुतेक गाडीतच झाली, रस्ता तसा होता.

सांगली, विश्रामबाग

2020 ला महापालिका हद्दीत रात्री 11 पासून संचारबंदी होती, त्यामुळं वर्षअखेरची उपासना संध्याकाळीच उरकली. बाराला घरात आम्ही चौघंच. पप्पांनी बायबलमधलं स्तोत्र 90 काढलं, मोशेची प्रार्थना. माणसाचं आयुष्य सत्तर वर्षं, शक्ती असली तर ऐंशी, तिथवर आले आणि थांबले. तेव्हा ते 71 चे होते. चष्मा काढून म्हणाले, "म्हणजे माझं एक वर्ष वरकड झालं. मम्मी, हिशोब लिहून ठेव." आता चर्चमध्ये वॉचनाइट, म्हणजे 31 च्या मध्यरात्रीची उपासना, असतेच, पण तिथून आल्यावर ते स्तोत्र घरी पुन्हा वाचतो. जेवण गार होतं, चालतं.

मिरज

मला बायबलच्या वचनांच्या चिठ्ठ्यांबद्दल बोलायचंय. 31 ला रात्री ताटलीत चिठ्ठ्या ठेवतात, एक उचलायची, ते आपलं वर्षाचं वचन. सगळ्या गोड. बायबलमधल्या दुःखानं पिचलेल्या ईयोबाचं रडगाणं कुणी त्यात घालत नाही. मी दोन वर्षं पहिली चिठ्ठी परत टाकून दुसरी उचलली, हे इथं कबूल करतो. तिसऱ्या वर्षी बायकोनं पाहिलं. घरी येईपर्यंत बोलली नाही.

वाई

जाऊबाईंशी बोलणं बंद होतं, वाटणीवरून. नव्या वर्षाच्या पहिल्या रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस घ्यायचा विधी, आणि मन साफ नसताना तिथं हात पुढं करायचा कसा? 30 ला अनारसे घेऊन गेले. त्यांनी डबा घेतला, आत बोलावलं नाही. दुसऱ्या दिवशी डबा परत आला, धुतलेला, आत मूठभर साखर. रिकामा डबा परत करायचा नसतो ना. बोलणं अजून तेवढ्यावरच आहे.

सातारा

ह्यांना जाऊन आठ महिने झाले. यंदा प्रार्थना होत नाही. डोळे मिटले की बिलांचे आकडे दिसतात. चांदणी मुलानं लावली, मी नको म्हटलं होतं. 31 ला येईन बहुतेक. देवानं काय केलं याची साक्ष द्यायला कुणी उठवू नका, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना पण नको. मागं बसेन.

काकू, डावीकडच्या खांबामागची जागा धरून ठेवतो. तिथून कुणी दिसत नाही. शाल आणा, खिडकी लागत नाही तिथली.